घटपर्णीचे पोट कुठे असते

जुळे सोलापूर,
दि. १८ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मी दिलेल्या घटपर्णीच्या, म्हणजे किडे खाणाऱ्या झाडाच्या, कलमाला सहा महिन्यांत एकही घट (पानाच्या टोकाला लटकणारी सुरई) धरला नाही, पाने मात्र वीतभर लांब आणि गर्द हिरवी झाली आहेत, आणि गुलाबाबरोबर तिलाही तू दर पंधरवड्याला शेणखताचे पाणी घालतोस, हे वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो. ते पाणी आजच बंद कर. दोष तुझा नाही. कलम हाती देतानाच मी हे सांगायला हवे होते.

आपल्या इतर झाडांचे पोट मुळांत असते, घटपर्णीचे पानाच्या टोकाला असते. मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर आपल्या देशातली एकमेव घटपर्णी रानात उगवते. तिथल्या धुवाधार पावसाने जमिनीतले नत्र वाहून जाते, म्हणून ती पानाच्या तणाव्याला (टोकातून निघणाऱ्या तंतूला) घट लावून किडे पकडते. तुझ्याकडची फिलिपाइन्समधल्या जातींपासून झालेली संकरित आहे, पण स्वभाव तोच. मुळांकडून नत्र भरपूर मिळू लागले की घट घडवण्याचा खटाटोप झाड सोडून देते आणि नुसती पाने वाढवत बसते. तुझ्या कुंडीत हेच झाले असावे. त्यात उन्हाळ्याची कोरडी हवा; तिनेही तणाव्याचे टोक घट होण्याआधीच वाळते.

माझे पहिले झाड मी याहून वाईट रीतीने गमावले. गांडूळखत घातले आणि वर बोअरचे पाणी दिले, ज्याने आमच्या घरातल्या प्रत्येक पातेल्यावर पांढरा थर चढतो. दोन महिन्यांत कुंडीच्या कडेला तसाच थर दिसू लागला, पानांची टोके काळी पडली आणि मुळे कुजली. ते झाड उपटून टाकताना मला फार वाईट वाटले होते. तेव्हापासून पावसाचे पाणी गच्चीवर साठवतो, आणि ते संपले की आरओचे पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने) मोजून, पन्नासच्या आत असेल तरच घालतो. सोलापुरात या झाडाला अन्नाआधी पाणी सांभाळावे लागते. शेणखत घातलेले माध्यम आता काढून टाक आणि स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळके शेवाळ), परलाइट (माध्यम मोकळे ठेवणारे हलके पांढरे खडे) व स्वच्छ पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून धुतलेले नारळाच्या सालीचे तुकडे यांत झाड पुन्हा लाव.

आता खाऊ घालण्याविषयी. गेल्या एप्रिलमध्ये मी गॅलरीत बसून पाहिले, तर मुंग्या घटाच्या ओठावरचा मध चाटून खुशाल परत जात होत्या. तो ओठ ओला असतानाच निसरडा होतो. ओल्या ओठावर किड्याच्या पायाखाली पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि पाय टिकत नाही. मी झाडावर पाण्याचे बारीक तुषार मारले, तेव्हा पाचच मिनिटांत दोन मुंग्या आत घसरल्या. आपल्या कोरड्या हवेत सापळा उघडा असूनही झाड उपाशी राहू शकते, ते असे. म्हणून मी उन्हाळ्यात जुनी सोलापुरी चादर ओली करून कुंडीजवळ टांगतो, आणि शिवाय हाताने खाऊ घालतो.

घट उघडला की दर दोन-तीन आठवड्यांनी एकच किडा पुरे, आणि तो घटाच्या तोंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा नको. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे पडतात, ते मी सकाळी गोळा करतो. एरवी माशांसाठी मिळणाऱ्या वाळवलेल्या अळ्या पाण्यात भिजवून देतो. मांसाचा किंवा पनीरचा तुकडा मात्र घालू नकोस. लंडनच्या क्यू बागेत वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८७४ साली घटपर्णीला अंड्याचा बलक वगळून पांढरा भाग, मांस, कूर्चा असे पदार्थ भरवून पाहिले आणि घटातला रस ते विरघळवतो हे दाखवले, हे खरे. पण घरातल्या लहान घटात मोठा तुकडा पचण्याआधी सडतो आणि घटही काळा पडतो. माझ्याकडे एका पाहुण्या मुलाने प्रेमाने पनीर घातले होते, तो घट चौथ्या दिवशी गेला.

किडे मिळत नसतील तर खतही चालते, पण तेही घटातच. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबवाले वापरतात ते विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) एका लिटर शुद्ध पाण्याला पाव ग्रॅम एवढेच विरघळव आणि महिन्यातून एकदा प्रत्येक घटात चमचाभर सोड. बागायतदार फवारतात त्या प्रमाणाच्या जवळपासही जाऊ नकोस. सावकाश विरघळणाऱ्या खताचे दोन-तीन दाणे टाकणारेही आहेत, पण मला पातळ द्रावण अधिक हाताळता येण्याजोगे वाटते. बोर्नियोतल्या एका जातीच्या घटात लहान वटवाघळे दिवसा झोपतात आणि त्यांची विष्ठा त्या झाडाला नत्र पुरवते. खत पानाच्या टोकाला देण्याची ही रीत मुळात झाडाचीच आहे.

घटातला रस ओतू नकोस. कुंडी कलंडून सांडलाच तर तिसरा हिस्सा भरेल एवढे पावसाचे पाणी घाल. घट वरून वाळू लागला तरी पूर्ण तपकिरी होईपर्यंत कापू नकोस, खालच्या भागात पचन चालूच असते.

नवा घट यायला दोन-तीन महिने लागतील, तोवर खत नको. काल रात्री इथे चांगला पाऊस झाला आणि माझी दोन्ही पिंपे भरली आहेत. चिरंजीव रविवारी क्लाससाठी सोलापुरात येतात, त्यांच्याबरोबर रिकामा कॅन पाठव. मी भरून परत पाठवीन, आणि सोबत धुतलेल्या सालीची पिशवीही देईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक