पुढचा नमुना ओळखणारा फिल्टर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आवाजाचा पुढचा नमुना (म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेली आवाजाची पातळी) आधीच ओळखणारा आणि चुकांवरून स्वतःला सुधारत जाणारा अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर तू प्रकल्पासाठी घेतलास; गुणकांची, म्हणजे मागच्या नमुन्यांना द्यायच्या वजनांची, संख्या सोळापर्यंत वाढवली की चूक घटते असे लिहिलेस, ते वाचले. प्रकल्पाच्या अहवालात हे शोभेल. मात्र टेलिफोनच्या जाळ्यात अशा फिल्टरची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी होते.

विड्रो आणि हॉफ यांनी 1960 साली मांडलेला नियम तू वापरतेसच : झालेली चूक, त्या वेळचा नमुना आणि एक छोटी पायरी यांचा गुणाकार गुणकात मिळवायचा. (हेच हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या कामात होते.) टेलिफोनचे संभाषण कमी बिटांत पाठवण्यासाठीच्या 1984 च्या जी.721 या मानकात मात्र हा नियम आणखी काटकसरीने वापरला आहे. तेथे सेकंदाला 8000 नमुने येतात, प्रत्येक नमुन्याचा अंदाज वजा करून उरलेला फरक फक्त 4 बिटांत पाठवला जातो आणि सेकंदाला 64 किलोबिटांचे संभाषण 32 किलोबिटांत बसते. गुणक मात्र तारेवरून कधीच जात नाहीत. पाठवणारा आणि घेणारा, दोघेही त्याच 4 बिटांवरून आपापले गुणक स्वतंत्रपणे सुधारत राहतात.

आता वाटेत एक बिट उलटला तर काय होईल, याचा विचार कर. सहा झिरोंचे, म्हणजे मागच्या सहा फरकांना लावलेले, गुणक फरकांच्या केवळ अधिक-उणे चिन्हांवरून बदलत असल्यामुळे त्यानंतर दोन्हीकडे सारखीच भर पडत राहते आणि एकदा पडलेली तफावत तशीच कायम राहील. म्हणून प्रत्येक नमुन्याला जुन्या गुणकाचा 1/256 भाग मुद्दाम गळू दिला जातो. त्यामुळे 256 नमुन्यांत, म्हणजे 32 मिलिसेकंदांत, तफावत सुमारे एक तृतीयांशावर येते. अंदाज त्यामुळे थोडा बिघडतो, पण माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे. पोल, म्हणजे फिल्टरचे स्वतःचेच मागचे निकाल परत वापरणारे भाग, दोनच ठेवण्यामागेही हीच सावधगिरी दिसते, कारण दोन पोलांचे स्थैर्य (निकाल फुगत जाऊन हाताबाहेर न जाणे) दोन साध्या मर्यादांनी तपासता येते; तुझ्या सोळा गुणकांपैकी किती पोलांचे आहेत, हे तू लिहिलेले नाहीस.

तेव्हा गुणक आणखी वाढवण्याआधी हजारात एक बिट उलटवून पाहा, एकदा गळती ठेवून आणि एकदा काढून, आणि दोन्ही आलेख मला पाठव.

तुझा,
बाबा