प्रशिक्षण द्यायचं तर सोमवारी या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घारापुरी (एलिफंटा) बेटावर लेण्यांकडे चढणाऱ्या १२० पायऱ्यांवर माझं दुकान आहे. टोप्या, मण्यांच्या माळा, उन्हाळ्यात कैरी नि काकडी. राहायला बेटावरच्याच मोराबंदर गावात. मागे आमच्या बचत गटाला निरोप आला की आपत्ती व्यवस्थापनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण आहे, गावातून पंधरा नावं द्या. दिवस शनिवार, जागा उरणकडचं एक सभागृह. शनिवार-रविवारवर आमचा आठवडा चालतो. दुकान बंद ठेवून जाणार कोण? पंधरात बाया दोनच गेलो. बाकी तेरा पुरुष, आणि त्यातले बरेचसे रोज सकाळी लाँचवर नाहीतर न्हावा-शेव्याला बंदरात कामाला जाणारे.

आता मला सांगा, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बेटावर असतं कोण? दुकानं लावून बसलेल्या आम्ही बाया, म्हातारी माणसं, पोरं, आणि गेटवेहून आलेले पाहुणे. काही झालं तर मदत समुद्र ओलांडून येणार. तोवर जे करायचं ते आम्हीच करायचं. आणि सर्टिफिकेट मात्र जो त्या वेळी बेटावर नाही त्याच्याकडे.

शिकवणारी मुलं चांगली होती, तक्रार त्यांच्यावर नाही. दोरीच्या गाठी, रिकामे कॅन अंगाला बांधून तरंगायचं कसं, छातीवर दाब कसा द्यायचा, सगळं मन लावून दाखवलं. दाब द्यायला पुतळा एकच होता, माझा नंबर लागेपर्यंत चहा आला नि तो राहूनच गेला. एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. इंडोनेशियात सिमेलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ साली मोठी लाट आली होती. तेव्हापासून घरोघरी सांगत आले, की जमीन हलली नि पाणी मागे सरलं की डोंगर गाठायचा. त्या लाटेला ते ‘स्मोंग’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीत त्या बेटावरच्या सत्तर हजारांहून जास्त लोकांपैकी फक्त सात जण गेले. तिथे ना सभागृह होतं ना पडदा. आजीनं नातवाला सांगितलेलं कामी आलं.

बाकी दिवसभर प्रशिक्षणात विषय वादळाचाच. वादळाचं तसं आम्हाला कळतं हो. दोन दिवस आधी बातमी येते, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागतो, लाँच बंद होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा माझ्या घरावरचे चार पत्रे उडाले, पण आम्ही आधीच धान्य बांधून सासऱ्यांना पक्क्या घरात नेऊन ठेवलं होतं. आमच्यावर खरं येतं ते न सांगता येतं. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली. तेल आमच्या किनाऱ्याला लागलं, तिवरं काळी पडली, कंटेनर तरंगत होते. त्यातल्या काहींत कीटकनाशक होतं हे आम्हाला नंतर कळलं. तोवर मी उघड्या हातांनी दगड पुसत होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये समोरच्या जवाहर द्वीपावर (आम्ही अजून बुचरच म्हणतो) वीज पडून डिझेलची टाकी पेटली. विझवायला दोन दिवसांच्या वर लागले. आम्ही धक्क्यावर उभं राहून बघत होतो. वारा इकडे फिरला असता तर पोरांना घेऊन कुठल्या अंगाला जायचं, हे मी प्रशिक्षणात विचारलं. उत्तर आलं, तो विषय आजच्या कार्यक्रमात नाही.

आणि १८ डिसेंबर २०२४. गेटवेहून आमच्याकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली. पंधरा माणसं गेली. त्या दिवशी बुडणाऱ्यांना वर ओढलं त्यात जवळून जाणारी एक पायलट बोट होती, बाजूच्या इतर बोटी होत्या. म्हणजे जो जवळ होता तोच. आता लाइफ जॅकेटची सक्ती आहे, ते बरंच झालं. पण पाहुणा फोटोपुरता ते काढतो, आणि लहान पोराला मोठ्याचं घातलं तर ते गळ्यातून वर निसटतं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या भाच्याला घालून बघितलं तेव्हा कळलं.

चिखलाचं तर कुणी नावच काढलं नाही. ओहोटीला आमच्याकडे पाणी लांब जातं, उरतो कमरेएवढा चिखल. मोराबंदरच्या बाजूला तेव्हा बोट लागत नाही, रबरी होडीसुद्धा अडते. एकदा एक पाहुणा फोटो काढायला उतरला नि मांडीपर्यंत रुतला. जितका हातपाय मारी तितका खाली जाई. माझ्या चुलत सासूनं दोन फळ्या टाकल्या, त्याला आडवं व्हायला लावलं, अर्ध्या तासात बाहेर. कालवं काढण्यात तिचा जन्म गेला. प्रशिक्षणाला तिला बोलवा. शिकायला नाही, शिकवायला.

आणखी एक. दोन वर्षांमागे रात्री शेजारणीला कळा सुरू झाल्या. मदतीच्या नंबरावर मी सांगितलं, मोराबंदरहून बोलतेय. पलीकडून विचारलं, मग रिक्षानं का नेत नाही? त्यांना वाटलं उरणचं मोरा. नाव एकच, मध्ये समुद्र. शेवटी गावातल्या मच्छीमार होडीनं नेली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण फोन घेणाऱ्यांच्या कागदावर आमचं मोराबंदर वेगळं लिहायला असा काय खर्च येणार आहे?

लेणी सोमवारी बंद असतात, दुकानंही. म्हणून विनंती, की पुढचं प्रशिक्षण सोमवारी ठेवा आणि बेटावर ठेवा. पंचांग बघून अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा सोमवार धरा, म्हणजे ओहोटी पुरती दिसेल. पुतळे दोन-तीन आणा. लहान मापाची जॅकेटं आणा. जेवण आमचा गट करील, येणार किती ते तेवढं आधी कळवा.

– मोराबंदरची एक दुकानवाली,
घारापुरी, ता. उरण, जि. रायगड
(नाव छापू नये, ही विनंती.)