आडाचा रिपोर्ट आला

प्रिय सुऱ्या,

बरेच दिवस पत्र नाही. आईचे गुडघे दुखतात, बाकी सगळे ठीक. आज लिहितोय ते आडाच्या पाण्यासाठी. फोनवर सांगितलं असतं तर ‘बघू’ म्हणून सोडून दिलं असतंस, आणि हे बघू म्हणण्यासारखं राहिलेलं नाही.

रिपोर्टात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, आहे. 100 मिलीलिटर पाण्यात तो एकही नको. नायट्रेट लिटरला 71 मिलिग्रॅम, मर्यादा 45 ची. क्लोराइड 310, ते 250 च्या आत बरं. हे तिन्ही एकदम चढले की मैलापाणी मुरतंय हे धरूनच चालायचं. नुसतं नायट्रेट असतं तर युरियाकडे बोट दाखवता आलं असतं, पण आपल्या पेठेत ऊस लावलाय कुणी?

गेल्या वर्षीचा नमुना चांगला आला होता, त्यावर सगळी गल्ली निर्धास्त होती. तो नमुना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला, आणि तोही मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. पाण्यात उरलेलं क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं, मग प्रयोगशाळेला सापडणार काय? त्यांच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मोडतं. म्हणून ती बाटली विसळायची नाही. रासायनिक तपासणीची 1 लिटरची बाटली मात्र त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. लोक नेमकं उलटं करतात. या वेळी पंधरा दिवस टीसीएल बंद ठेवली. मोटरच्या नळाचं तोंड ज्योतीवर तापवलं, तीन-चार मिनिटं पाणी सोडलं, बुचाच्या आत बोट लागू न देता बाटली भरली, वर थोडी जागा ठेवली आणि बर्फाच्या डब्यातून त्याच सकाळी पोचवली.

आता गल्लीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आड बुजवा. दुसरा म्हणतो, टीसीएलची अख्खी पिशवी ओता. दोन्ही चूक. आडाचा व्यास 2.4 मीटर, पाणी 5 मीटर, म्हणजे साधारण 22,600 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर 56-57 ग्रॅम होते, वाटीभरसुद्धा नाही. ती बादलीत कालवायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरची निवळी तेवढी आडात सोडून पाणी ढवळायचं. खालचा चुना आत गेला की पाणी आणखी जड होतं. तासाभरानं ओटीच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनच्या, थेंबांनी पिवळा रंग आला पाहिजे. तोंड उघड्या, दमट पोत्यातल्या पावडरीत क्लोरीन उरलेलंच नसतं, मग रंग कुठून येणार? आणि हे सगळं नीट केलं तरी क्लोरीन जंतू मारतं, नायट्रेटला हात लावत नाही. उकळून तर ते वाढतंच, कारण पाणी उडतं आणि नायट्रेट मागे राहतं. आरओवाला टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचा, मीटर बुडवून ‘एकदम बेस्ट’ म्हणाला. त्या मीटरला जंतू दिसतच नाहीत.

मला झोप लागत नाही ती तुझ्या माडीवरच्या बिऱ्हाडामुळे. त्यांचं बाळ तीन महिन्यांचं, बाटलीच्या दुधावर. एवढ्या लहान बाळाच्या पोटात जास्त नायट्रेट गेलं की रक्त प्राणवायू नीट वाहत नाही, ओठ-नखं निळी पडतात. त्यांना सांगून आलोय, दूध फक्त कॉर्पोरेशनच्या नळाच्या पाण्यात कालवा, आडाचं पाणी फक्त कपडे धुण्याला.

आता मूळ मुद्दा. आडाच्या चढाच्या अंगाला, जेमतेम वीस फुटांवर, तुमची सेप्टिक टाकी आहे. मैलापाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पाण्यापासून साठ फूट लांब हवा, गळकी टाकी म्हणजे तसा खड्डाच, आणि आपल्या काळ्या खडकातल्या भेगांतून पाणी न गाळताच येतं, त्यामुळे साठ फूटही कमीच. या टाकीच्या जागेवरून तुझे आबा आणि आमचे अण्णा वर्षभर बोलत नव्हते, ते मला उकरायचं नाही. टाकीत हिरवा फ्लुरोसीन रंग सोडून मोटर चालू ठेवून बघता येईल. आडात रंग उतरला तर प्रश्नच मिटला, पण नाही दिसला म्हणून टाकी सुटत नाही, रंग वाटेत पातळ होतो. त्यापेक्षा गाडी बोलावून गाळ उपसू, टाकी पाण्यानं भरून भिंतीवर रेघ मारू आणि 24 तास बघू. पाणी रेघेखाली गेलं की गळती नक्की. मला तर वाटतं टाकीचा तळ बांधलेलाच नाही. तसं निघालं तर गिलाव्यात पैसे घालू नकोस, संडासाची लाइन सरळ रस्त्यातल्या ड्रेनेजला जोड आणि टाकी निर्जंतुक करून भरून टाक. मग आड उपसू, टीसीएल देऊ, ती उतरली की पुन्हा नमुना. नायट्रेट पावसागणिक हळूहळू उतरेल.

हे पावसाच्या आत व्हायला हवं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकली की नाल्यांचं पाणी नदीत न जाता उलटं फिरतं, 43 ची धोका पातळी गाठल्यावर तर विचारूच नकोस. 2019 ला आणि 2021 ला आडात काय उतरलं होतं ते तू पाहिलंयस. आणि 2012 ला इचलकरंजीत मैलमिश्रित पाण्यानं कावीळ पसरली होती, तेही तुला आठवत असेल.

गौरीच्या बारावीचं काय झालं? तुझी बदली थांबली का? वहिनींना नमस्कार.

टाकी उपसायला तुझी परवानगी दोन ओळींत लिहून पाठव. कुलूप तुझं आहे, बिऱ्हाडवाल्याला ती चिठ्ठी दाखवल्याशिवाय गवंड्याला परसात घेता येणार नाही. गवंडी मी बोलून ठेवलाय, खर्च दोन्ही घरांत निम्मा-निम्मा.

तुझा,
बाळू