नव्वद दिवस संपायच्या आत

तासगाव
6 डिसेंबर 2020

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल सूनबाईंचा फोन आला. तुझं काम सप्टेंबरातच गेलं, हे आम्हाला आता कळतंय. दिवाळीला आला नाहीस तेव्हा डबल शिफ्ट आहे म्हणालास, आणि तुझ्या आईनं फराळाचा डबा पाठवून दिला. मी रागावलेलो नाही. एवढं ओझं एकट्यानं वाहिलंस, याचं वाईट वाटतं.

ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पैसे घ्यायला तुला लाज वाटली म्हणे. लाज कसली? तुझ्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जात होता, अठरा हजारांवर 135 रुपये. मालक सव्वातीन टक्के भरत होता. त्याच विम्यातली, काम गेलेल्यांसाठीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 साली निघाली तेव्हा कमाईचा पाव हिस्सा मिळायचा. कोरोनामुळं मार्चपासून निम्मा केला, पण तो 31 डिसेंबरपर्यंतच. तेही नव्वद दिवस आणि आयुष्यात एकदाच. तुझे नव्वद या महिन्यात भरतात. कारखाने अजून पुरते उघडले नाहीत आणि मदत मात्र तारखेला बंद होणार, हे मला पटत नाही.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. तुझी आजी पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची आणि मी धाकट्या भावाला घेऊन बांधावर बसायचो. दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो ज्वारी. त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण चूल पेटत होती. पुढं रोजगार हमी आली. ती कल्पना आपल्याच तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची. 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. आजी त्या कामावर कितीतरी उन्हाळे गेली, तिला कुणी म्हटलं नाही की बाई, तुझे दिवस संपले.

आणि हमीला पैसा कुठून आला, ठाऊक आहे? नोकरदारांवर 1975 साली व्यवसाय कर बसला, तो याच कामासाठी. तुझ्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 जात होते, तो हाच. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या हाताला काम दिलं. आज तोच पगारदार घरी बसलाय, तर त्याच्यासाठी तशी हमी कुठंच नाही. तू कमी पडलास असं मनात आणू नकोस. ही उणीव कायद्याची आहे.

आता कामाचं. मोबाईलवरचं कर्ज घेऊ नकोस, कितीही सोपं दिसलं तरी. पीएफमधनं गरजेपुरतं काढ. पण पेन्शनच्या पैशाला हात लावू नकोस. तुझी आठ वर्षं झालीत, दहा भरली की पेन्शनचा हक्क लागतो. पैसे उचललेस तर ती आठ वर्षं गेली. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घे, पुढच्या नोकरीत ती वर्षं धरली जातात. पीएफ ऑफिसात नीट विचारून घे, एजंटाकडं जाऊ नकोस. दावा भरताना दिलेल्या कागदांच्या झेरॉक्स जपून ठेव.

खोलीचं भाडं तीन महिन्यांचं थकलंय, हेही सूनबाई बोलल्या. बेदाण्याचे थोडे पैसे शिल्लक आहेत, उद्या बँकेत जाऊन पाठवतो. परत करायची भाषा काढू नकोस.

द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, चालू आहे आणि माणूस मिळेना. ढग आले की जीव टांगणीला लागतो. तिघंही या. बाहेरच्याला जो रोज देतो तोच तुला देईन, घरचा म्हणून कमी नाही. तिकडून कुठं बोलावणं आलं तर त्याच दिवशी निघ, मी अडवणार नाही. छकुलीचा मोबाईलवरचा वर्ग इथंही होईल. गच्चीवर रेंज चांगली येते, तुझ्या आईनं कालच तिथं सतरंजी टाकून ठेवलीय.

तुझे,
आबा