टेसला वाढवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

मला दिसत नाही. टेस माझी मार्गदर्शक कुत्री, म्हणजे दृष्टिहीनांना वाट दाखवणारी कुत्री, झाली तेव्हा सगळ्यांनी तिच्या प्रशिक्षकांचं कौतुक केलं, माझंही केलं. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आठ आठवड्यांचं पिल्लू इंग्लंडच्या ऐन थंडीत तुम्ही घरी आणलंत आणि सव्वा वर्ष सांभाळलंत. खाण्याचा, डॉक्टरांचा खर्च असे कुत्रे तयार करणारी 'गाइड डॉग्ज' संस्था करते; पण रात्री दोन वाजता त्याला बागेत नेऊन उभं राहणं तुमच्याच वाट्याचं. आजही 'बिझी, बिझी' म्हटलं की टेस घरातून निघण्याआधीच शी-शू उरकून घेते. ही सवय तुम्ही लावलेली.

आपल्या ताटातलं काही द्यायचं नाही, हा नियम मराठी घरात पाळणं किती कठीण गेलं असेल! गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये ढोल वाजत होते, जेवणं चालली होती, कुणाच्या तरी ताटातला मोदक टेसच्या पुढ्यात पडला म्हणे. ती माझ्या खुर्चीखाली पडून राहिली. "बरं नाही का हिला?" एका आजींनी विचारलं. मी अभिमानाने तुमच्याबद्दल सांगितलं.

पुष्कळांना वाटतं, कुत्रा सिग्नलचा रंग बघून रस्ता ओलांडून देतो. तसं नसतं. टेस मला सिग्नलच्या पेटीपाशी नेते. पेटीखालचा छोटा शंकू बोटांत फिरला की हिरवा दिवा लागल्याचं मला कळतं, आणि 'फॉरवर्ड' मी म्हणते. पण गाडी येत असेल तर माझं ऐकायचं नाही, हेही तिला शिकवलेलं आहे. परवा एक इलेक्ट्रिक गाडी वळणावरून आली, मला चाहूलही लागली नाही. मी पुढे चल म्हटलं, टेस जागची हलली नाही. ही शिकवण केंद्रातल्या प्रशिक्षकांची, खरंच. पण बस, लिफ्ट, रेल्वेचा फलाट, गर्दी कशालाच न बिचकणारी कुत्री त्यांच्या हाती आली, ती तुमच्या घरातून.

इथे पहिले चार मार्गदर्शक कुत्रे १९३१ मध्ये वॉलसी या गावात तयार झाले. पिल्लं स्वयंसेवकांच्या घरी वाढवायला द्यायची पद्धत १९५६ची. तेव्हापासून तुमच्यासारखी माणसं हे करत आली आहेत, आणि मला सगळ्यात अवघड वाटतो तो शेवटचा दिवस. जीव लागलेला असतो, पोर शहाणं झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला केंद्रावर सोडून यायचं. सोफ्यावरचे तिचे केस बरेच दिवस झटकले नाहीत, असं तुम्ही फोनवर म्हणालात. त्यावर मला काही बोलता आलं नाही. आज म्हणते : काकू, मी एकटी कामावर जाते, ते तुमच्यामुळे.

टेस दहाएक वर्षांची झाली की निवृत्त होईल. तिला माझ्याजवळच ठेवायची इच्छा आहे. ते जमलं नाही, तर संस्थेला पहिलं नाव तुमचंच सांगणार आहे.

तुमची कृतज्ञ,
टेसची ताई