तपासणीची सुरुवात नवऱ्यापासून व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून जिल्हा पानांवर आणि एसटी स्थानकांच्या भिंतींवर वंध्यत्व निवारण शिबिरांच्या जाहिराती सातत्याने दिसत आहेत. बहुतेक जाहिरातींवर बाळाला कडेवर घेतलेल्या स्त्रीचे छायाचित्र असते, खाली सवलतीचा मजकूर असतो आणि पुरुषाच्या तपासणीचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. मूल न होण्याच्या एकूण प्रकरणांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. तरीही खान्देशात, जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतसुद्धा, दवाखान्याची पायरी आधी सून चढते आणि मुलगा बाहेर मोटारसायकलजवळ थांबतो. याविषयी मी स्वानुभवाने लिहीत आहे.

मी चोपडा तालुक्यात शिक्षक आहे. लग्नानंतर काही वर्षे मूल झाले नाही, तेव्हा माझ्या पत्नीची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी औषध सोडून एक्स-रे काढला गेला आणि अखेर भूल देऊन पोटात दुर्बीणही घालण्यात आली. हे सगळे अहवाल निर्दोष आल्यानंतर डॉक्टरांनी माझी वीर्यतपासणी सांगितली. तीत एकही शुक्राणू आढळला नाही. जिला भूल लागत नाही, टाका पडत नाही आणि इतर तपासण्यांच्या मानाने खर्चही किरकोळ येतो, ती तपासणी सर्वांत शेवटी व्हावी, या क्रमाचे समर्थन मला कोणत्याही डॉक्टरांकडून आजवर ऐकायला मिळालेले नाही. त्या काळात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेल्या माझ्या पत्नीला दरवर्षी तोच प्रश्न विचारला गेला आणि सप्तशृंगीचा नवसही तिच्याच नावाने बोलला गेला.

वीर्यतपासणी साधी असली तरी ती नीट व्हावी लागते. नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संयम पाळावा लागतो आणि नमुना तासाभराच्या आत तपासणीला घ्यावा लागतो. खेड्यातून डबी घेऊन एसटीने, तेही वैशाखाच्या उन्हात, तालुक्याला पोहोचलेल्या नमुन्यावरून काढलेल्या निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि एकूण ४२ टक्के हालचाल ही संदर्भासाठीची खालची पातळी दिली आहे. मात्र मूल झालेल्या पुरुषांपैकीही काहींचे आकडे याखाली असतात, त्यामुळे ‘काउंट कमी आहे’ एवढ्या तीन शब्दांवर कोणीही आयुष्याचा निर्णय करू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून मोठा ताप येऊन गेल्यावर आलेला वाईट अहवाल तीन महिन्यांनी बदललेला दिसू शकतो आणि दुसरी तपासणी आवश्यक ठरते.

कारणांविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. अंडकोशातील शिरा फुगण्याचा विकार, म्हणजे व्हेरिकोसील, सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना असतो आणि वंध्यत्वाच्या तक्रारीसाठी येणाऱ्यांत त्याचे प्रमाण बरेच अधिक आढळते. योग्य रुग्णात शस्त्रक्रियेने फरक पडतो. बालपणी खाली न उतरलेले अंडकोश, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात अंडकोशाला आलेली सूज, भट्टीसमोरचे दीर्घकाळचे काम, तंबाखू ही कारणेही नोंदलेली आहेत. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल तर तरुणांना ठणकावून सांगायला हवे. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की मेंदूकडून अंडकोशाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी पूर्ण बंद पडते. शुक्राणू वाढावेत म्हणून हीच इंजेक्शने घेणारे तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांची अवस्था पाहून जीव तुटतो.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना एक इतिहास माहीत असावा, म्हणून तो येथे नमूद करतो. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे सूत्रकृमींवरचे औषध बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात १९७७ साली कामगारांना मुले होत नसल्याचे उघडकीस आले आणि पुढे मध्य अमेरिकेतील केळीबागांत ते वापरणाऱ्या मजुरांतही तोच परिणाम दिसला. आज आपल्या बागांत फवारले जाणारे प्रत्येक औषध तसेच आहे, असा माझा दावा मुळीच नाही. परंतु हातमोजे आणि मुखपट्टी न वापरता फवारणी करणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी त्याच्या कामाविषयी किमान दोन प्रश्न विचारावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

उपचारांचा निर्णय घेताना सर्वांत मोठी अडचण अशी की, सगळे पर्याय कोणी एकाच वेळी समोर मांडत नाही. शुक्राणू थोडे कमी असतील आणि पत्नीचे वय व नलिका अनुकूल असतील, तर धुतलेले वीर्य गर्भाशयात सोडण्याची आययूआय पद्धत आधी वापरून पाहता येते. संख्या फारच कमी असेल तर इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणे, हा मार्ग उरतो. या पद्धतीने पहिले मूल १९९२ मध्ये जन्मले आणि पूर्वी ज्यांना उपायच नव्हता अशा पुरुषांना पितृत्व मिळाले. येथेही दोष पुरुषाचा असला तरी रोजची इंजेक्शने आणि बीज काढण्याची प्रक्रिया स्त्रीलाच सोसावी लागते. एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या पुढे जातो, यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि पत्नीचे वय पस्तिशीपुढे गेले की शक्यता घटत जाते. म्हणून शेत गहाण ठेवण्यापूर्वी किती प्रयत्न करायचे आणि कुठे थांबायचे, हे पतीपत्नींनी आधीच ठरवलेले बरे. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने खर्च करणाऱ्यांनी हेही जाणावे की, अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या गोळ्यांमुळे जन्मणाऱ्या मुलांची संख्या वाढली नाही.

वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील, तर मार्गात अडथळा आहे की निर्मितीच होत नाही, हे आधी पाहावे लागते. अडथळा असेल तर सुईने शुक्राणू मिळण्याची शक्यता चांगली असते. निर्मितीच नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोश उघडून शोध घेतला जातो आणि जवळपास निम्म्या रुग्णांत काही शुक्राणू सापडतात. मात्र त्याआधी वाय गुणसूत्राची तपासणी करून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण त्यावरील विशिष्ट भाग पूर्णपणे नसेल तर शस्त्रक्रियेतून काही हाती लागत नाही. माझ्या बाबतीत तेच निघाले. त्या एका रक्ततपासणीने माझी निरर्थक शस्त्रक्रिया आणि पत्नीची इंजेक्शने टळली.

अहवालानंतरचे दिवस कठीण होते. शुक्राणू नसणे आणि वैवाहिक संबंधांची क्षमता नसणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षक असूनही मला स्वतःला पुन्हा पुन्हा समजावावे लागले. ज्याला हे कोणी सांगितलेलेच नाही अशा तरुणाच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना करवत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे माझ्यासाठी वेळ नव्हता आणि समुपदेशक नावाची व्यक्ती त्या दवाखान्यात नव्हती. वास्तविक २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि धोके यांविषयी जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देणे हे केंद्राचे कर्तव्यच आहे. दात्याचे वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागते, दात्याची एचआयव्ही, कावीळ आणि उपदंशासाठी तपासणी झालेली असते आणि जन्मणारे मूल कायद्याने त्या जोडप्याचेच जैविक अपत्य मानले जाते, हे मला तो कायदा स्वतः वाचल्यावर कळले.

आमच्यापुढे दत्तक आणि दात्याचे वीर्य असे दोन मार्ग होते. पत्नीला गर्भारपण अनुभवायचे होते, तिच्या नलिका मोकळ्या होत्या, त्यामुळे महागड्या इक्सीऐवजी साध्या आययूआयनेही प्रयत्न करता येणार होता. मला मात्र होकार देण्यास बराच काळ लागला आणि तिने मला तेवढा वेळ दिला, याबद्दल मी तिचा कायम ऋणी राहीन. दत्तकाचा मार्ग आम्ही बंद केलेला नाही. प्रतीक्षा मोठी असते, म्हणून जोडप्यांनी त्याची माहिती लवकर घ्यावी, एवढेच सुचवतो. नातेवाइकांनी माझ्या पत्नीला वेगळे काढून दुसऱ्या लग्नाची भाषा केली होती, तेव्हा माझा अहवाल मीच वडीलधाऱ्यांसमोर ठेवला. तो विषय त्याच बैठकीत संपला.

आरोग्य विभागास माझी विनंती आहे की, खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांतील उपजिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वीर्यतपासणी प्रमाणित पद्धतीने व्हावी आणि नमुना देण्यासाठी कडी लावता येईल अशी स्वच्छ, स्वतंत्र खोली असावी. स्वच्छतागृहात पाठवण्याची पद्धत बंद व्हावी. उपकेंद्रातील आरोग्यसेवकांनी या विषयावर पुरुषांशी बोलावे, कारण आशाताईंकडे गावातील पुरुष हा विषय काढत नाहीत. आपल्या दैनिकास विनंती अशी की, वंध्यत्व केंद्राची जाहिरात स्वीकारताना त्या केंद्राचा नोंदणी क्रमांक छापण्याची अट घालावी आणि ‘खात्रीशीर’ हा शब्द त्यात येऊ देऊ नये.

पत्रासोबत माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी दिला आहे, परंतु तो प्रसिद्ध करू नये. मूल झाले तर त्याला ही हकीकत सर्वप्रथम आमच्या तोंडून कळावी, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

आपला,
एक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव