थिजलेल्या शरीराला जाब का विचारता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अत्याचाराची बातमी आली की ‘ती ओरडली का नाही, पळाली का नाही?’ असे विचारणारे आजही भेटतात. त्यांनी उंदरांवरचे काही प्रयोग समजून घ्यावेत, असे मला कळकळीने वाटते.

पिंजऱ्यातच वाढलेल्या, घार कधीही न पाहिलेल्या उंदराला डोक्यावरच्या पडद्यावर मोठी होत जाणारी काळी चकती दाखवली, तर तो पहिल्याच वेळी आडोशाकडे धावतो किंवा जागीच थिजतो. यिल्माझ आणि माइस्टर या शास्त्रज्ञांनी हे 2013 मध्ये दाखवले. ही भीती उपजत आहे. थिजण्यामागची यंत्रणा 2016 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या आंद्रेआस ल्यूथी यांच्या संशोधक गटाने उलगडली. मध्यमेंदूत थिजायला लावणाऱ्या पेशी असतात आणि एरवी शेजारच्या पेशी त्यांना दाबून ठेवतात. धोका जाणवला की अमिग्डाला या भीतीशी निगडित मेंदूभागाचे संदेश या दाबणाऱ्या पेशींनाच गप्प करतात. मग मोकळ्या झालेल्या पेशी लंबमज्जेमार्फत (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला तळाचा भाग) हालचाल थांबवतात. प्रकाशाचा वापर करून याच पेशी चेतवल्या, तर समोर काहीही धोका नसताना उंदीर थिजतो!

उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. अत्याचाराच्या वेळी शरीर लुळे पडणे ही तर थिजण्याहून टोकाची, वेगळी अवस्था मानतात. पण मेंदूचे हे भाग आपल्यातही आहेत. नुसते रागीट चेहरे पाहतानाही माणसाच्या शरीराची हालचाल कमी होते आणि हृदयाची गती मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे.

तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला आठवा. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, यावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोघा पोलिसांना सोडले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्टपणे यायला 2013 उजाडले. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ते आहे.

नाशिकच्या पोलीस अकादमीत जबाब कसा घ्यावा हे शिकवताना थिजण्यामागचे हे विज्ञानही सविस्तर शिकवावे. आपल्या वार्ताहरांनीही ‘पीडितेने प्रतिकार केला नाही’ असे लिहिण्यापूर्वी ते वाचावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नागपूर